आजींच्या मशीनमधला माझा आकडा

"थँक गॉड!"

माझ्या रक्तात साखर तीनशे बेचाळीस आहे, हे कळल्यावर माझ्या मालकिणीच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. छातीवर हात. डोळे मिटलेले. आणि चेहऱ्यावर असं हसू, की बघणाऱ्याला वाटावं बाईंना लॉटरी लागली.

थांबा, नीट पहिल्यापासून सांगते. मला गोष्ट सांगायला आवडते, आणि मी ती नटवूनच सांगते. आमच्या वस्तीत पाण्याच्या नळावर रांग असली की बायका माझ्या मागचा नंबर धरतात, वेळ जातो म्हणून. पण ह्या गोष्टीत मी पदरचं काही घातलेलं नाही. गरजच पडली नाही.

मुलुंडला डोंगराच्या बाजूला एक टॉवर. अठरावा मजला. तिथं मी नऊ वर्षं स्वयंपाक केला. घरात चौघं. साहेब, ताई, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि साहेबांची आई. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायचो. आजींना साखरेचा आजार. रोज सकाळी त्यांच्या बोटाला सुई टोचून मशीनवर आकडा बघायचा. ताई दर सोमवारी मशीनमध्ये साठलेले आकडे काढून डॉक्टरांना मोबाइलवर पाठवायच्या.

तर त्या सोमवारी, सकाळी पावणेदहा. माझ्या तव्यावर भाकरी. हॉलमधून किंकाळी.

"तीनशे बेचाळीस! अहो आई, काय खाल्लंत तुम्ही?"

मग जे सुरू झालं ते तिकीट लावून दाखवण्यासारखं होतं. मुलगी आतून धावत आली. ताईंनी साहेबांना फोन लावला. साहेब अंधेरीला ऑफिसात. "मीटिंग गेली उडत, तुम्ही आधी निघा!" मग डॉक्टरांना फोन. मग ड्रायव्हरला, गाडी वर घे. आजींना सोफ्यावर आडवं केलं, पायाखाली दोन उशा. एसी चालू असताना मुलगी पेपरने वारा घालतेय. आणि आजी? आजी नुकताच उपमा खाऊन बसल्या होत्या, एकदम टुणटुणीत. पण सगळे इतके घाबरलेले बघून त्यांनाही वाटायला लागलं की आपलं आता काही खरं नाही. हात जोडून डोळे मिटले त्यांनी.

मी गॅस बारीक केला. हात पदराला पुसले. किचनच्या दारात जाऊन उभी राहिले.

"ताई, तो आकडा माझा आहे."

मुलीचा पेपर हवेतच थांबला.

"तुमचा?"

"हो. गुरुवारी आजींबरोबर माझीही बघितली."

तेव्हा ते "थँक गॉड" आलं. मग लगेच साहेबांना फोन. "अहो, नका येऊ. आईंचं नाहीये. मावशींचं आहे. हो, हो. सगळं ठीक आहे."

सगळं ठीक आहे.

आकडा तोच होता. मशीन तेच. पाच मिनिटांपूर्वी ह्याच आकड्यासाठी गाडी निघणार होती, मीटिंग उडत जाणार होती. आता तो माझ्या बोटातून आलाय म्हटल्यावर मुलीने पेपर घडी घालून ठेवला. मला कोणी "बस" म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. ड्रायव्हरला परत फोन गेला, राहू दे म्हणून.

आणि मग ताईंचं लक्ष दुसरीकडे गेलं.

"पण मावशी, तुम्ही आईंची सुई वापरलीत?"

"नवीन काढली होती."

"आणि पट्टी?"

"आजींनीच दिली. विचारा त्यांना."

सगळ्यांनी आजींकडे बघितलं. आजी उठून बसल्या होत्या. त्यांनी रिमोट घेतला आणि टीव्ही लावला. कुठलंतरी भजन होतं. आवाज वाढवला.

ताईंनी हाताला लावायचं ते सॅनिटायझर आणलं. मशीन पुसलं. पुन्हा पुसलं. मग मुलीला म्हणाल्या, "तो आकडा काढून टाक गं त्यातून. आईंच्या रेकॉर्डमध्ये उगाच गडबड नको."

मुलीने बटणं दाबली. "झालं मम्मी. डिलीट."

किचनमधून जळका वास आला. भाकरी करपली होती. "मावशी, लक्ष कुठंय?" ताई म्हणाल्या.

मला सगळे मावशीच म्हणतात. ताई माझ्याच वयाच्या, दोन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांची मावशी, मुलीची मावशी, वॉचमनची मावशी. एकदा नातं जोडलं की नाव विचारायची कटकट राहत नाही.

आता गुरुवारचं सांगते. आजींची नर्स बंद केल्यापासून सुई टोचायचं काम माझ्याकडे होतं. मी ते इतकं हलक्या हाताने करायची की आजी म्हणायच्या, "झालं पण?" आमची दोघींची गट्टी होती. त्यांनी उशीखाली लपवलेला लाडू मला माहीत होता आणि त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. त्या गुरुवारी त्या म्हणाल्या, "तू सारखी पाणी पितेस. सारखी खाली जातेस. तुझी पण बघ गं. साखर काय माझ्या एकटीच्याच नशिबात आहे काय?"

बघितली. मशीनने थोडा वेळ घेतला आणि तीनशे बेचाळीस दाखवलं.

"अगं बाई! माझ्यापेक्षा जास्त! जिंकलीस की."

आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो. मला तेव्हा आकडा म्हणजे काय ते समजत होतं, तरी हसले. म्हटलं नंतर बघू. आमच्या सगळ्या आजारांचं आम्ही नंतरच बघतो.

"खाली जाणं" म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या घरात तीन बाथरूम होती. एक साहेब-ताईंचं, एक आजी आणि नातीचं, एक पाहुण्यांचं. माझ्यासाठी बेसमेंट दोन. पार्किंगच्या कोपऱ्यात, ड्रायव्हर, वॉचमन आणि सगळ्या कामवाल्या बायका मिळून एक संडास. आतून कडी लागत नाही. एका हाताने दार ओढून धरायचं. जाऊन यायला, लिफ्ट धरून, वीस मिनिटं. म्हणून मी नऊ वर्षं एक कला शिकले होते: सकाळी सहाला घर सोडायचं आणि चारपर्यंत पाणी प्यायचं नाही. ह्या कलेत मी उस्ताद होते. वस्तीत निम्म्या बायका उस्ताद आहेत.

पण त्या पावसाळ्यात तहान लागायला लागली. साधी नाही, घसा ओरबाडणारी. प्यायले की खाली जायचं. दिवसातून पाच वेळा. ताई एकदा म्हणाल्या, "मावशी, खाली कोणाशी मोबाइलवर बोलता का हो?"

मला हसू आलं. म्हटलं, हो ताई, बॉयफ्रेंड आहे. बेसमेंट दोनमध्ये राहतो.

मनात म्हटलं. तोंडावर नाही. तेव्हा अजून तोंडावर येत नव्हतं.

आणि ही साखर माझ्या अंगात आली कुठून? ताईंनी त्याचं उत्तर त्याच सोमवारी दिलं. आजींचा डाएट चार्ट झेरॉक्स करून माझ्या हातात ठेवला. "हे फॉलो करा. तुम्ही लोक भात फार खाता ना." मी तो चार्ट बघितला. सकाळी भिजवलेले बदाम. अकराला फळ. एकला ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, पालेभाजी, मूग, काकडी. चारला ताक. संध्याकाळी पाऊण तास चालणं. मन शांत ठेवणं.

मी काय तो वाचणार? तो चार्ट मी रोज रांधत होते!

माझे आईवडील जालन्याकडचे. लहानपणी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. मुंबईच्या शाळेत माझ्या डब्यातली भाकरी बघून पोरी नाक मुरडायच्या, त्या भाकरीवरून त्यांना आमची वस्ती कळायची, वस्तीवरून जात कळायची. मी आईशी भांडून चपाती न्यायला लागले. आता तीच भाकरी लिफ्टने अठराव्या मजल्यावर पोचलीय. ज्वारी काचेच्या बरणीत बसते, बरणीवर इंग्रजीत चिठ्ठी. आणि ती भाकरी थापणारी मी? रेशनचा तांदूळ. कधीमधी गेटवरचा वडापाव, कारण त्याने चार तास पोट गप्प बसतं. आणि चहा. टॉवरमध्ये आमचा चहा वेगळा उकळायचा, वेगळ्या स्टीलच्या कपात, तो कप वॉटर फिल्टरच्या मागे उपडा. ताईंचा नियम होता, "ह्यांच्या चहात साखर जास्त घाला, ताकद राहते." टॉवरमधली माझी तीन घरं, दिवसाला सहा कप.

वर मिठाई. आजींना साखर निघाल्यापासून त्या घरात गोड कोणी खात नव्हतं, पण खोके यायचे थांबले नव्हते. गणपती, दसरा, दिवाळी, कोणाचा मुलगा पास, कोणाची नवी गाडी. सगळे खोके माझ्या पिशवीत. "न्या मावशी, आमच्याकडे कोणी खात नाही." मी न्यायची. फेकणार कशी? घरी भाजी नसेल त्या दिवशी पेढा आणि पाव असं आम्ही जेवलोय. चवीला वाईट लागत नाही, खरं सांगते.

मी महापालिकेच्या दवाखान्यात गेले. अर्धा दिवस रांग, एका घरची सुट्टी, तिथली बोलणी. डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळं. म्हणाली, "ही गोळी जेवणाच्या आधी. गोळी घेतली की जेवायचंच, उपाशी राहायचं नाही. थरथर सुटली, घाम आला, अंधारी आली तर लगेच साखर तोंडात टाकायची. कळलं? लगेच. तुम्ही जेवता कधी?"

"चारला. घरी पोचल्यावर."

"सकाळी?"

"चहा."

तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, एक वाजता जेवा. काहीही करा, पण जेवा."

मी ताईंना विचारलं. साधं विचारलं. "ताई, एकला पाच मिनिटं बसून डबा खाऊ का?"

"अहो, एकलाच तर आमची जेवणं. गरम कोण वाढणार? चारला घरी जाताच ना, निवांत जेवा."

मी बरं म्हटलं. आणि पुढे जे केलं ते आमच्यासारख्याच करतात. डॉक्टरणीचंही मोडायचं नाही, मालकिणीचंही मोडायचं नाही. गोळी एकला घ्यायची, जेवण चारला. दोघींचा मान राखला. स्वतःचं शरीर मधल्या तीन तासांत काय करतं, ते त्याचं त्याने बघावं. महिनाभर ते थोडं थोडं थरथरत होतं. मी दात आवळून वाढत होते.

मग आली भाऊबीज. ताईंचे दोन भाऊ, वहिन्या, त्यांची मुलं. घर भरलेलं. जेवण एकचं होतं ते दोनवर गेलं, ओवाळणी, फोटो, पुन्हा फोटो. मी एकला सवयीने गोळी घेतली. पुऱ्या लाटत होते. शेजारच्या तव्यावर आजींची भाकरी.

आधी बोटं गेली. लाटणं हातातून निसटलं. मग पाठीवरून घाम, थंडगार. ओट्याची कडा दोन-दोन दिसायला लागली. मला डॉक्टरणीचा आवाज आठवला: लगेच. मी फडताळ उघडलं, पाहुण्यांसाठीची साखर काढली आणि दोन चमचे तोंडात कोंबले.

तेवढ्यात ताई आत आल्या. मागे त्यांची मोठी वहिनी.

"मावशी! साखर? चोरून खातेस?"

नऊ वर्षांचं "तुम्ही" एका चमच्यात विरघळलं.

वहिनीकडे वळून म्हणाल्या, "बघ. म्हणून ह्यांना शुगर होते. मी चार्ट दिला, सगळं समजावलं. पण ह्या लोकांना कंट्रोलच नाही."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे चोख उत्तर तयार होतं आणि तोंडात जीभ हलवायला जागा नव्हती! साखर, साखर आणि साखर. मी ओट्याला धरून उभी. वहिनी माझ्याकडे बघतेय, जशी मांजर दुधात तोंड घालताना सापडावी.

मग ताईंना सणाची आठवण झाली. पाहुण्यांसमोर मोठं मन दाखवायला हवं. बाहेर गेल्या आणि काजूकतलीचे तीन खोके घेऊन आल्या. माझ्यासमोर ओट्यावर ठेवले.

"जाऊ दे. सण आहे. हे ने घरी. आमच्याकडे कोणी खात नाही, आईंना शुगर आहे ना."

मी साखर गिळली. थरथर हळूहळू उतरत होती. खोक्यांकडे बघितलं. ताईंकडे बघितलं. त्या अगदी मनापासून देत होत्या हो! तेच तर. दोन चमच्यांसाठी चोर म्हणून झाल्यावर तीन किलो साखर हातात देताना त्या बाईला काही विचित्र वाटलं नव्हतं. माझा आकडा तिला ठाऊक होता. तो मशीनमधून पुसला तेव्हाच तिच्या डोक्यातूनही पुसला गेला होता.

मी ताट घेतलं. फिल्टरमागे माझा नुसता कपच असायचा. हे ताट रॅकमधलं, पांढरं, निळ्या काठाचं. त्यात भाकरी घेतली, पालेभाजी, मूग, काकडी. चार्टप्रमाणे. आणि ताट घेऊन हॉलमध्ये गेले. डायनिंग टेबलावर आजी एकट्याच आधी जेवायला बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली. खुर्चीचा फरशीवर असा आवाज झाला की फोटो काढणारे सगळे वळले.

बसले. पहिला घास घेतला.

काय सांगू तुम्हाला! नऊ वर्षं मी भाकरी करत होते, तिथं बसून खाल्ली नव्हती. चांगली करते मी.

"हे काय चाललंय?" ताई.

"जेवते. एक तास उशीर झालाय."

"मावशी, पाहुणे आहेत—"

"असू देत. त्यांनाही ऐकू दे. ताई, मी साखर खाल्ली ती गोळीने चक्कर आली म्हणून, इथं तुमच्या पुऱ्यांवर मरून पडू नये म्हणून. गोळीवर जेवायचं असतं. मी तुम्हाला पाच मिनिटं मागितली होती. तुम्ही ती दिली नाहीत, खोके देता. तुमच्या घराला साखर नकोशी झाली की ती माझ्या घरी येते. नऊ वर्षं येतेय. मी तुमचा कचऱ्याचा डबा नाही."

"अगं, प्रेमाने देतो आम्ही—"

"मग प्रेमाने भाकरी द्या. ती का देत नाही?"

एक भाऊ मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला. आजी ताटाकडे बघत होत्या. मी अख्खी भाकरी खाल्ली. घाई केली नाही. ताट धुवायला उठले नाही, तिथंच ठेवलं.

मग मी पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गेले. आतून कडी लावली. कडी लागली. एवढीशी पितळी कडी, सरळ बसली खाचेत. दोन्ही हात मोकळे होते. मी तिथं जरा वेळ नुसती बसले. बाहेर कुजबुज चालली होती आणि मला, तुम्हाला खोटं वाटेल, हसू येत होतं.

बाहेर आले तेव्हा ताई किचनच्या दारात. चेहरा लाल.

"उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं कशाला? आतापासूनच."

पण त्याआधी एक काम होतं. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. मी ज्वारीच्या पिठाची मूठ भरली, ओट्यावर पसरली आणि बोटाने मोठ्ठा आकडा काढला. ३४२. शेजारी तीन खोके नीट एकावर एक रचले. मुलगी दारात उभी होती. तिला म्हटलं, "बाळा, हा बटणाने जायचा नाही. फडकं घ्यावं लागेल."

तिने मान खाली घातली. तेवढं पुरे होतं मला त्या दिवशी.

महिन्याभराने आजींचा फोन आला. चोरून केला असणार, आवाज बारीक. "नवी बाई भाकरी जाड करते गं. तुझी आठवण येते. तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"आजी," मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही टीव्ही बघत होतात."

त्या रडल्या. मी त्यांना गप्प केलं नाही. माझा जीव होता त्यांच्यावर, अजून आहे. तरी गप्प केलं नाही.

आता तुम्ही विचाराल, पुढे सगळं छान झालं का. नाही झालं. माझ्या डाव्या पायाची बोटं बधीर असतात. डोळ्यांची तपासणी करायचीय, रांग आहे. त्या टॉवरमध्ये माझ्याबद्दल बोललं गेलं, दोन दारं बंद झाली. नव्या घरी गेले की पगाराआधी मी दोन गोष्टी सांगते. एक वाजता मी जेवणार, बसून, तुमच्यासारख्या ताटात. आणि बाथरूम घरातलं वापरणार. काही बायका हसतात. काही म्हणतात, विचार करून कळवतो. त्या कळवत नाहीत. दोन घरांनी हो म्हटलं. त्या घरांत मी रांधते.

सकाळी टॉवरच्या गेटबाहेर आम्ही बायका ज्या कट्ट्यावर चपला झटकून आत जायच्या आधी टेकतो, तिथं मी मशीन घेऊन बसते. आम्ही सगळ्यांनी मिळून घेतलंय. बोट पुढं कर, म्हणते. टोचते. हलक्या हाताने, अजून तस्सा हात आहे. आकडा आला की मी तो मोठ्याने वाचते. कुजबुजत नाही. वॉचमनला ऐकू जातो, गाडीतून बाहेर पडणाऱ्या साहेबांना ऐकू जातो. पहिल्यांदा बायका लाजायच्या. "हळू गं, लोक ऐकतील."

ऐकू देत. त्यासाठीच वाचते. आमचा आकडा ऐकून कोणी "थँक गॉड" म्हणायचं नाही.

परवा पोळ्या लाटणाऱ्या एका पोरीचा आकडा आला. वय तिशीच्या आत. ऐकून ती रडायला लागली. म्हणाली, "मावशी, आता काय करू?"

तिला मी आधी नाव विचारलं. मग म्हटलं, "आधी रडणं थांबव. मग वर जा आणि सांग, एक वाजता मी जेवणार. मालकीण नाही म्हणाली तर गॅस बंद कर, भाकरी तव्यावर असेल तर तिथंच सोड, आणि खाली ये. मी इथं बसलेय."

मी तिथंच बसलेय. उठणार नाही.